नाकारता येत नाही

नीलांबरी धारप आणि तिची मुलगी अवनी रविवारी अकराच्या ठोक्याला इंदिरा नगरच्या घरी पोचल्या. सुहासिनीबाईंनीच त्यांना बोलावलं होतं. सकाळी उठून त्यांनी दडपे पोहे केले होते, सोफा टीव्हीजवळ ओढून घेतला होता आणि नवऱ्याला, माधवरावांना, दोनदा बजावलं होतं की फिल्म चालू असताना मध्ये बोलायचं नाही.

"आहे तरी काय एवढं, सुहासताई?" नीलांबरीनं विचारलं.

"बघ तर. हर्षवर्धनवर आहे. सदतीस वर्षांनी कुणीतरी खरं दाखवतंय."

नीलांबरीनं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

हर्षवर्धन तिचा नवरा. हवाई दलात फ्लाइट लेफ्टनंट होता. अठ्ठ्याऐंशी साली, शांतिसेना श्रीलंकेत असताना, तो तिथून जखमी जवानांना घेऊन येत होता. उतरायला शंभर-दीडशे फूट उरले असताना हेलिकॉप्टर भोवऱ्यासारखं फिरत खाली आलं. अकरा जवान, सहवैमानिक आणि हर्षवर्धन, कुणीच वाचलं नाही. अवनी तेव्हा सात महिन्यांची होती. चौकशी झाली आणि ठपका हर्षवर्धनवर आला: कमी उंचीवर नको इतकं जोराचं वळण घेतलं. पुढे नीलांबरी भावाच्या आधारानं लखनौला आली, अलीगंजच्या एका शाळेत शिकवायला लागली, आणि मराठी मंडळाच्या गणपतीत तिची सुहासिनीबाईंशी ओळख झाली. त्या ओळखीला आता पस्तीस वर्षं होत आली होती.

पण त्या हेलिकॉप्टरच्या शेपटीचा तुटलेला पोलादी दांडा तपासायला ज्या प्रयोगशाळेत आला होता, तिथे सुहासिनीबाई धातुशास्त्रज्ञ होत्या आणि तो दांडा त्यांच्याच टेबलावर होता, हे नीलांबरीला कधीच कळलं नव्हतं. आज ते तिला पडद्यावरून कळणार होतं. तोंडानं सांगायचं धाडस सुहासिनीबाईंना पस्तीस वर्षांत झालं नव्हतं. फिल्म सांगेल, आपण शेजारी बसून तिचा हात धरू, असं त्यांनी मनाशी योजलं होतं.

फिल्म सुरू झाली. युद्ध, राजकारण आणि विमानं यांवर माहितीपट काढणाऱ्या सत्यजित नावाच्या एका तरुणाची ती मालिका होती. माधवराव तिचे भक्त होते, एकही भाग चुकवत नसत. नवऱ्याला न सांगता सुहासिनीबाईंनी चार महिन्यांपूर्वी सत्यजितला पत्र लिहिलं होतं. तो आला, "काकू, काकू" करत तीन तास बसला, कॅमेरा लावला, सगळं टिपून घेतलं. मूळचा साताऱ्याचा होता. घरातली भाषा ऐकून त्यांना विश्वास वाटला होता.

पडद्यावर नाव आलं. 'नौ सेकंड की चूक'.

अवनीनं आईकडे पाहिलं. "चूक?" ती म्हणाली. "किसकी चूक?"

"थांब गं, पुढे येईल," सुहासिनीबाई म्हणाल्या.

पुढे आलं ते असं. आधी समुद्र, मग जुन्या बातम्या, निवडणुकीच्या सभा, पुढारी. मग हर्षवर्धनचा फोटो, गणवेशातला, हसरा. तो फोटो सुहासिनीबाईंनीच नीलांबरीकडून 'एका कामासाठी' म्हणून मागून घेतला होता. निवेदकाचा खर्जातला आवाज म्हणाला की तरुण वैमानिक थकलेला होता, त्या दिवशीचं हे त्याचं चौथं उड्डाण होतं, आणि त्याला घाई होती. संगणकावर बनवलेलं हेलिकॉप्टर झटक्यात वळलं आणि नऊ सेकंदांत फिरत फिरत खाली आलं. लगेच पडद्यावर सुहासिनीबाई. निळी साडी, मागे त्यांच्याच घरातलं पुस्तकांचं कपाट. खाली नाव आणि 'वरिष्ठ वैज्ञानिक, जिन्होंने मलबे की जाँच की'. त्या म्हणत होत्या, "गलती आदमी से हुई थी. लोहे का क्या कसूर."

आणि परत हर्षवर्धनचा हसरा फोटो.

मुलाखतीच्या दिवशी सुहासिनीबाई पुढे म्हणाल्या होत्या, जिसने वो लोहा पास किया, उस आदमी से. पायलट का इसमें कुछ नहीं था. एका श्वासात म्हणाल्या होत्या. ते वाक्य आता कुठे होतं?

"हे मी असं नाही म्हणाले," त्या ओरडल्या. "बंद करा ते! अहो, बंद करा!"

माधवरावांना रिमोट सापडेना. फिल्म चालूच राहिली. अवनी उठून टीव्हीसमोर उभी राहिली, बोट सुहासिनीबाईंच्या पडद्यावरच्या तोंडाकडे.

"आंटी, ये आप ही हैं ना? मलबे की जाँच आपने की थी? आपने?"

"अवनी, ऐक, त्यांनी कापलंय..."

"मेरी क्लास की लड़कियाँ बोलती थीं, तेरे पापा ने ग्यारह फौजी मार दिए. मैं आपके पास मॅथ्स पढ़ने आती थी तब. रोते हुए आती थी. आप पानी देती थीं मुझे. और आपको पता था?"

नीलांबरीनं पर्स उचलली. सुहासिनीबाईंकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. "चल," ती मुलीला म्हणाली. दोघी जिना उतरून गेल्या. टेबलावर पोहे तसेच होते.

सुहासिनीबाईंनी सत्यजितला अकरा वेळा फोन लावला. त्यानं उचलला नाही.

"नको लावूस," माधवराव म्हणाले. "बीपी वाढेल तुझं. जाऊ दे. चार दिवसांत लोक विसरतात."

"तुम्ही तेव्हाही हेच म्हणाला होतात. सही कर आणि मोकळी हो."

"तेव्हा आपली परिस्थिती काय होती..."

"परिस्थिती! तुमचं प्रमोशन होतं, माझं प्रमोशन होतं. ही परिस्थिती?"

माधवराव गप्प झाले. रेल्वेत इंजिनीअर म्हणून निवृत्त झालेला, कुणाशी आवाज चढवून न बोललेला माणूस. त्यांचं ते गप्प बसणंही आज सुहासिनीबाईंच्या डोक्यात गेलं. त्यांनी पोह्यांचं पातेलं मोरीत उपडं केलं.

सोमवारी सकाळी त्या ई-रिक्षा करून विकास नगरला गेल्या. एका मोबाइलच्या दुकानावर सत्यजितची एडिटिंगची खोली होती. तो कानाला हेडफोन लावून बसला होता. त्यांना बघून चटकन उभा राहिला.

"काकू, या ना. मीच फोन करणार होतो."

"माझं पुढचं वाक्य कुठाय?"

"बसा तरी."

"मी बसायला नाही आले. 'गलती आदमी से हुई थी'च्या पुढचं वाक्य कुठे घातलंस? कुठल्या खड्ड्यात?"

सत्यजितनं हेडफोन काढून ठेवले. तो घाबरला नव्हता, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्या आणखी भडकल्या.

"काकू, मला वाटलं होतं तुमच्यामुळे ही फिल्म गाजेल. कारखान्यातलं खराब पोलाद, दिल्लीचं दडपण, निवडणुका. मला तेच हवं होतं. मग मी जुनी कागदपत्रं काढली. चौकशीची फाइल आता बघायला मिळते." त्यानं संगणकावर एक पान उघडलं. पिवळट, टाइप केलेलं. "हे वाचा."

त्यांना वाचायची गरज नव्हती. ते वाक्य त्यांना पाठ होतं. दांडा जमिनीवर आदळल्यामुळे तुटला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. खाली त्यांची सही. निळ्या शाईतली असणार, इथे काळी दिसत होती.

"सही तुमची आहे ना?"

"हो."

"मला मुलाखतीत का नाही सांगितलंत?"

त्यांनी पानावरची नजर काढून घेतली.

"तुम्ही कॅमेऱ्यासमोर म्हणता दांडा हवेत तुटला. कागदावर तुमचीच सही म्हणते तो जमिनीवर तुटला असेल. आमच्या वकिलानं विचारलं, या बाईंवर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? कारखानेवाले उद्या कोर्टात खेचतील. मेलेला पायलट काही कोर्टात येत नाही, काकू."

"म्हणून मेलेल्याच्या गळ्यात बांधलंस? माझं वाक्य मधून तोडून?"

"ते एडिटरनं..."

"एडिटर तूच आहेस! तुझ्या नावाची पाटी आहे खाली!" त्यांनी टेबलावर हात आपटला. चहाचा कागदी कप कलंडला आणि थोडा चहा कीबोर्डवर सांडला. "माझी सही खोटी होती म्हणायचंस. मला खोटारडी म्हणायचंस, फिल्ममध्ये, माझ्या तोंडावर. ते खरं होतं. ते दाखवलं असतंस तर मी तुझे पाय धरले असते. तू मला सोडलंस आणि त्याला धरलंस."

सत्यजित रुमालानं कीबोर्ड टिपत राहिला. "सहा लाख लोकांनी बघितलंय," तो खाली बघून म्हणाला. "आता काढता येत नाही लगेच. चॅनेलशी करार आहे."

जिना उतरताना त्यांचा संताप ओसरला नव्हता, पण आता तो एकट्या सत्यजितवर उरला नव्हता. रस्त्यावर उभ्या राहून त्यांनी रिक्षावाल्याला हात केला आणि घरचा पत्ता न सांगता म्हणाल्या, "अलीगंज."

दार अवनीनं उघडलं. तिनं रजा घेतली होती. ती बाजूला झाली नाही.

"मम्मी को नहीं मिलना."

"मला सांगायचंय ते तूही ऐकायला हवंस," सुहासिनीबाई म्हणाल्या. "मग हाकलून दे."

आतून नीलांबरीचा आवाज आला. "येऊ दे तिला."

तिला. पस्तीस वर्षं नीलांबरीनं त्यांना अहोजाहो केलं होतं.

सुहासिनीबाई खुर्चीच्या कडेला बसल्या आणि त्यांनी सांगितलं. पोलाद एका झटक्यात तुटतं तेव्हा त्याचा तुटका भाग वेगळा दिसतो आणि दर उड्डाणाला केसभर चिरत गेलेलं वेगळं दिसतं. ओल्या वाळूवर लाट मागे सरताना रेघ सोडते, तशा रेघा असतात. त्या दांड्यावर तशा कितीतरी रेघा होत्या. त्या सगळ्या एका बिंदूपासून निघाल्या होत्या आणि त्या बिंदूत धातुमळीचा कण होता, मोहरीपेक्षा लहान, पोलाद ओततानाच आत राहिलेला. म्हणजे दांडा कारखान्यातूनच आजारी आला होता. शेपटीचा पंखा फिरवणारा तो दांडा हवेत तुटला. शेपटीचा पंखा थांबला की हेलिकॉप्टर गरगरतं. वैमानिक कितीही चांगला असला तरी एवढ्या खाली त्याच्या हातात काही राहत नाही.

"हे मी लिहिलं होतं. आठ पानं. मग दिल्लीहून एक साहेब आले. म्हणाले, याच खेपेचे दांडे आणखी वीस हेलिकॉप्टरांत आहेत, मोहीम चालू आहे, हे बाहेर आलं तर सगळी जमिनीवर बसवावी लागतील, वर्षभरात निवडणुका आहेत. म्हणाले, एक वाक्य बदला फक्त. आमच्या संचालकांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, बाई, आपण प्रयोगशाळा आहोत, न्यायालय नव्हे. मी दोन दिवस नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी सही केली."

"बाकी वीस का क्या हुआ?" अवनीनं विचारलं.

"चार महिन्यांत गुपचूप बदलले. सगळे दांडे."

अवनी हसली, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "मतलब उनको पता था. सबको पता था. नए लगा दिए और पापा को..."

नीलांबरी इतका वेळ खिडकीकडे तोंड करून बसली होती. आता ती वळली.

"तुला केव्हा कळलं मी कोण ते?"

"पहिल्याच दिवशी. गणपतीत. तू आडनाव सांगितलंस तेव्हा."

"आणि मग तू माझ्या मुलीला शाळेत घालायला आलीस. तिला गणित शिकवलंस. माझ्या ऑपरेशनला रात्रंदिवस बसलीस. मी सगळ्यांना सांगायचे, सुहासताई नसत्या तर मी या गावात मेले असते." तिचा आवाज शांत होता आणि शब्द एकेक करून येत होते. "ते सगळं तू स्वतःसाठी करत होतीस."

"नीला..."

"मला नीला म्हणू नकोस. माझी सासू मरेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही, माहितीये तुला? ते अकरा जवान, त्यातल्या एकाच्या आईचं मला पत्र आलं होतं. तुमच्या नवऱ्यानं माझा मुलगा मारला. मी त्या बाईला माफी मागणारं पत्र लिहिलं. मी माफी मागितली! हर्षवर्धनच्या वतीनं!" ती उठली आणि तिनं सुहासिनीबाईंच्या दंडाला धरून त्यांना उभं केलं. "आणि मीही मनात म्हणायचे, का रे बाबा एवढी घाई केलीस. रोज म्हणायचे. सदतीस वर्षं मी त्याला बोल लावला. ते कोण परत करणार मला?"

तिनं त्यांना हलवलं, एकदा, जोरात, आणि सोडून दिलं. सुहासिनीबाईंनी हात सोडवायचा प्रयत्नही केला नव्हता.

"रडायचं असेल तर घरी जाऊन रड," नीलांबरी म्हणाली. "इथे लिहून दे."

अवनीनं तिथेच फोन टेबलावर उभा केला आणि रेकॉर्डिंग लावलं. सुहासिनीबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, या वेळी सहीपासून सुरुवात करून. मध्ये दोनदा त्यांनी 'मला सांगण्यात आलं' असं म्हटलं, आणि दोन्ही वेळा अवनी म्हणाली, "आपने किया, ये बोलिए." त्यांनी तसं म्हटलं.

गुरुवारी कैसरबागेत एका वकिलाकडे प्रतिज्ञापत्र झालं. टाइप करणारा म्हातारा कारकून अर्ध्यात थांबून म्हणाला, "माताजी, सोच लीजिए. सरकारी आदमी रही हैं आप. पेंशन-वेंशन..."

"तुम टाइप करो," सुहासिनीबाई इतक्या जोरात म्हणाल्या की शेजारच्या टेबलांवरचे लोक वळून बघायला लागले. "पेन्शन मेरी है. जाने दो गई तो."

माधवरावही आले होते, कुणी न बोलावता. त्यांनी साक्षीदार म्हणून सही केली. तेव्हा सही करायला आपणच सांगितलं होतं हेही त्यात घाला, असं त्यांनी स्वतःहून वकिलाला सांगितलं. वकील म्हणाला, त्याची गरज नाही. "मला आहे," माधवराव म्हणाले. त्यांचं एक वाक्य घातलं गेलं.

नोटीस गेल्यावर चॅनेलनं फिल्म खाली घेतली. तीन आठवड्यांनी दोन्ही बाजू वकिलाच्या कार्यालयात बसल्या. चॅनेलचा वकील दिल्लीहून आला होता, चुणचुणीत, पस्तिशीचा. सत्यजित त्याच्या शेजारी, मान खाली. समोर अवनी, नीलांबरी, आणि एक खुर्ची सोडून सुहासिनीबाई.

"मैडम," दिल्लीचा वकील म्हणाला, "आपका कहना है कि सच आपको अट्ठासी से मालूम था. तो सैंतीस साल आप थीं कहाँ?"

त्याला वाटलं असावं, त्या आता अडखळतील.

"इंदिरा नगर में," सुहासिनीबाई म्हणाल्या. "इनके घर से छह किलोमीटर. हर दिवाली पर मिठाई लेकर जाती थी. डरपोक थी, इसलिए नहीं बोली. ये भी लिखिए. आपकी फिल्म में मेरा डर दिखाइए, आधा घंटा दिखाइए, मुझे कोई एतराज नहीं. लेकिन उस आदमी का नाम उसमें से निकालिए. और उन ग्यारह लड़कों के घर एक-एक चिट्ठी जाएगी, आपके लेटरहेड पर, कि आपने झूठ दिखाया. नहीं तो मैं आपके हर प्रोग्राम के बाहर खड़ी रहूँगी. मेरे पास अब और कोई काम नहीं है."

वकिलानं कागद चाळले. सत्यजितनं पहिल्यांदा मान वर केली. "पत्रं मी लिहितो," तो म्हणाला. दिल्लीच्या वकिलानं त्याच्या दंडावर हात ठेवला, पण त्यानं तो बाजूला केला. "आणि ते वाक्य पूर्ण घालतो. सहीसकट."

फिल्म महिन्याभरानं पुन्हा आली, दुसऱ्या नावानं, वीस मिनिटांनी मोठी. ती आधीच्या निम्म्या लोकांनीही पाहिली नाही. अकरा पत्रांपैकी सात पोचली, चार पत्ता न सापडून परत आली. त्या चार घरांचा शोध अवनी अजून घेते आहे. दिल्लीला चौकशी पुन्हा उघडण्यासाठी जो अर्ज गेला, त्याची पोच आली, उत्तर नाही. सुहासिनीबाई दर पंधरवड्याला स्मरणपत्र पाठवतात. त्याची भाषा प्रत्येक वेळी थोडी अधिक कडक होते आणि माधवराव ते टाइप करून देतात, एकही शब्द सौम्य न करता.

नीलांबरी त्यांच्याशी बोलत नाही. मंडळाच्या कार्यक्रमात समोर आली तर वाट बदलते. अर्जावर दोघींच्या सह्या लागतात तेव्हा अवनी कागद घेऊन इंदिरा नगरला येते, दारातच सही घेते आणि जाते. परवा ती आली तेव्हा आईची सही आधीच झालेली होती. खाली हर्षवर्धनच्या नावापुढे टाइप केलेला 'आरोपित' हा शब्द नीलांबरीनं पेनानं इतक्या जोरानं खोडला होता की कागद फाटला होता.

"दुसरा प्रिंट निकालूँ?" अवनीनं विचारलं.

"नको," सुहासिनीबाई म्हणाल्या. "असाच जाऊ दे." आणि फाटक्या जागेखाली त्यांनी आपली सही केली.